सळईच्या ढिगावरून दिसलेला ईस्ट

मी इंग्रजी शिकवतो आणि सकाळी उशिरा उठतो. एरवी या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही. पण साधा वर्तमानकाळ शिकवायचा म्हटला की फळ्यावर पहिलं वाक्य येतं ते 'द सन राइजेस इन द ईस्ट'. त्रिकालाबाधित सत्य म्हणून. मंठ्याच्या आसपासच्या कितीतरी पोरापोरींकडून मी ते घोकून घेतलं, वहीत दहा-दहा वेळा लिहून घेतलं, चुकलं तर उभं केलं. आणि हे त्रिकालाबाधित सत्य रोज घडत असताना मी तोंडावरून गोधडी ओढून पडलेला असायचो. सूर्याबद्दलचं माझं सगळं ज्ञान ऐकीव होतं.

तरी ईस्ट या शब्दाची मला फार मस्ती. आमच्या घरात पूर्व कुणी म्हणतच नाही. माय म्हणते 'उगवती'. पूर्व हा शब्द फक्त खरेदीखताच्या चतुःसीमेत भेटतो, तोही 'पूर्वेस नाला' असा तोंड वाकडं करून. ईस्ट म्हटलं की मात्र ओठ ताणले जातात, दात दिसतात, माणूस आपोआप शिकलेला वाटतो. वर्गात मी या शब्दाचे लाड करायचो. आमच्या जालना जिल्ह्याच्या आत असेल तर 'इन', म्हणून मंठा इन द ईस्ट. शिवेला शीव लागून असेल तर 'ऑन', म्हणून बुलढाणा ऑन द नॉर्थ. दूर पलीकडं असेल तर 'टू', म्हणून नागपूर टू द ईस्ट. पोरं विचारायची, "सर, पण आपल्याला जायचं तर यष्टीनंच ना?" मी म्हणायचो, "यष्टीनंच. पण व्याकरण बराबर घेऊन."

आमच्या शाळेत भूगोलाचे एक सर आहेत. माझ्याहून वयानं मोठे, आणि माझ्या इंग्रजीला टाचणी लावायची एकही संधी न सोडणारे. एकदा मधल्या सुट्टीत डबा खाताना म्हणाले, "इंग्रजीवाले, एक सांगा. दुबईला गेलेला माणूस मिडल ईस्टला गेला म्हणतात. आता दुबई आपल्या मावळतीला. मंग ईस्ट कसं काय?"

मी म्हणालो, "सर, ज्यांनी नाव ठेवलं त्यांच्या उगवतीला होती ती."

"म्हंजे ईस्ट कुठंय हे बघणारा कुठं उभा हाय त्याच्यावर?"

"तसंच समजा."

"मंग तुम्ही उभं राहताना जपून राहा," ते म्हणाले आणि माझ्या डब्यातली शेंगदाण्याची चटणी घेतली.

त्या वेळी मी हसलो. पुढं मी कुठं उभा राहिलो ते सांगायचंच आहे, पण आधी मायचं सांगतो, कारण घर तिच्यासाठी बांधायचं होतं.

बाप गेल्यापासून आम्ही मंठ्यात भाड्याच्या खोलीत राहत होतो. खोली बोळीत. आमच्या दारात ऊन यायचं ते भर दुपारी, तेही समोरच्याच्या पत्र्यावरून उडून, उसनं. मायच्या गुडघ्यांत वात. हिवाळ्यात सकाळी तिचे पाय असे आखडतात की ऊन लागल्याशिवाय सुटत नाहीत. गोळ्या झाल्या, तेल झालं, बिब्ब्याचे चटके झाले. उन्हासारखं काही नाही. मग ती पोत्याची घडी काखेत मारून, भिंत धरत धरत बोळीच्या तोंडाशी जायची आणि तिथल्या किराणा दुकानाच्या ओट्यावर बसायची. दुकानदार माणूस वाईट नव्हता. पण गिऱ्हाईक आलं की, "मावशी, जराशा सरका." झाडायचं असलं की, "मावशी, उठता का?" आता उठणं हेच जिचं दुखणं, तिला काय सांगायचं! एका थंडीत दुकानदाराच्या बायकोनं ओटा धुवायला नेमकी तीच वेळ धरली. माय परत आली, ओलं पोतं दोरीवर टाकलं. मी विचारलं, "काय झालं?"

"काही न्हाई. ऊन भिजलं आज," ती म्हणाली आणि चुलीपुढं पाय शेकत बसली.

त्यानंतर आम्ही गावाबाहेर रस्त्याकडेला जमिनीचा एक तुकडा घेतला. कुणी रागानं भाकरी मोडावी तसा तुकडा. एक बाजू सरळ असेल तर शपथ. त्यामुळं घराचं तोंड कुठंही करा, अडवणारं कुणी नव्हतं. मी मायला विचारलं, "तुला काय काय पाह्यजे ते सांग. देवळी? फळ्या? चकचकीत फरशी?"

"फरशीवर पाय घसरतो. मला दार उगवतीला पाह्यजे. दाराम्होरं ओटा पाह्यजे. बस. आपल्या ओट्यावर कुणी सरक म्हणू न्हाई."

हे ती एकदाच बोलली. पुन्हा आठवण दिली नाही, कारण पोरगा शिकलेला होता.

मिस्त्री भेटला तो बोलका. पहिल्याच दिवशी म्हणाला, "सर, वास्तू बघणाराला बोलवायचं का? माझ्या वळखीचा हाय. लई अभ्यास हाय त्याचा."

इथं मला चेव आला. आम्ही बौद्ध. माझ्या आज्यानं देव्हारा उचलून ठेवला तो पुन्हा मांडला नाही. मी मिस्त्रीला उभ्या उभ्या व्याख्यान दिलं: दिशा ही भूगोलाची गोष्ट आहे, भाग्याची नाही, माणसानं विज्ञानावर चालावं, अंगारे, धुपारे, वास्तू हे सगळं झूट. मिस्त्री मान डोलवत होता. शेवटी म्हणाला, "बराबर हाय सर. मंग तोंड कुठी करायचं?"

"ईस्टला."

"चालतंय. आपल्याला काय, सूर्य कुठून का उगवंना, हजेरी संध्याकाळीच भेटती."

आखणीचा दिवस ठरला आणि नेमकं ढगाळलं. अवकाळीचे दिवस, तीन-चार दिवस सूर्य म्हणून दिसला नव्हता. आभाळ सगळीकडून सारखंच मळकट. बायको सोबत होती. ती शेतात वाढलेली, तिनं इकडंतिकडं पाहिलं आणि हात करून म्हणाली, "मला तर वाटतं उगवती त्या बाभळीकडं हाय. आपण येताना वारं ह्या गालाला लागत होतं."

"वाऱ्यावर घर बांधतात का?" मी म्हणालो आणि खिशातून मोबाईल काढला.

मोबाईलमध्ये होकायंत्र आहे हे मला नुकतंच कळलं होतं, आणि कधी एकदा चारचौघांत काढतो असं झालं होतं. अडचण एकच. पावसानं काळी माती फुगली होती, पाय ठेवला की बुटाला किलोभर चिखल. बूट नवे होते. आदल्या संध्याकाळीच जालन्याहून सळई येऊन पडली होती. सळईच्या मोळ्यांचा हा एवढा ढीग, मधोमध, कोरडा, उंच. मी त्याच्यावर चढलो. सळईच्या कारखान्यांच्या आमच्या जिल्ह्यात ज्या गोष्टीचा तोटा नाही ती लोखंडी सळई, आणि तिच्यावर उभं राहून मी लोहचुंबकाला विचारलं की बाबा, दिशा सांग.

मोबाईलनं आधी इंग्रजीत सूचना दिली की यंत्र हवेत आठच्या आकड्यासारखं फिरवा. मी फिरवलं. काटा भगताच्या अंगात आल्यासारखा घुमायला लागला. पुन्हा सूचना: फिरवा. मी पुन्हा फिरवलं, डोळे मोबाईलवर, दोन्ही हात पुढं, कंबर हलतेय. खाली मिस्त्री आणि त्याची माणसं टोप्या सावरून उभी. एक बाई तिच्या सोबतिणीला हळूच म्हणाली, "सळईला ओवाळून राह्यले का गं सर?"

"गप. नवीन असंल काही."

बायकोनं पदर तोंडाला लावला. शेवटी काटा दमला आणि एका जागी थांबला. मोठ्या अक्षरात 'ई' आलं. मी हात लांब केला आणि बाभळीपासून चांगलं लांब, भलतीकडंच बोट दाखवून म्हणालो, "दॅट इज ईस्ट. मारा फक्की."

बायको म्हणाली, "अहो, पण..."

"इंग्रजीत लिहून आलंय," मी म्हणालो. तिनं बाभळीकडं एकदा पाहिलं आणि पदर खोचला.

चुन्याची फक्की पडली, खड्डे खणले, सळईचे पिंजरे उभे राहिले, जोतं भरलं. मी रोज शाळा सुटल्यावर जायचो. म्हणजे सूर्य मला भेटायचा तो घरी निघालेला. तो घराच्या मागच्या कोपऱ्यावर मावळायचा. मला वाटायचं, कोपऱ्यावर म्हणजे मागंच की. हिवाळ्यात थोडा सरकत असेल. सूर्यालाही मी एवढी सवलत दिली, पण मोबाईलवर शंका घेतली नाही.

भिंती खिडकीच्या उंचीला आल्या तेव्हा एका रविवारी मायनं हट्ट धरला, "मला दाखव तरी." तेही सकाळी. थंडी मी म्हणत होती. स्कूटरवर मागं तिला बसवलं, पोत्याची घडी तिच्या मांडीवर. माझे डोळे अजून अर्धे मिटलेले. पोचलो तेव्हा ऊन नुकतंच पडलं होतं. माय उतरली, माझा खांदा धरून पायऱ्यांच्या जागेपाशी आली. ओटा तयार होता, ऐसपैस. तिनं हात फिरवून पाहिला. गारठलेला दगडच तो.

"ऊन कुठंय?" ती म्हणाली.

मी म्हणालो, "येईल. आत्ताच तर उगवलाय."

ती थांबली. मीही थांबलो. बायको मागून शेजाऱ्याच्या दुचाकीवर आली, तीही थांबली. ऊन आलं नाही. मग मायनं भिंत धरली आणि ती घराच्या कडेनं चालत गेली, एक कोपरा वळली आणि दिसेनाशी झाली. आम्ही मागं गेलो. तिकडच्या भिंतीला असं सोनेरी, दाट ऊन लागलं होतं की विटाही खुशीत दिसत होत्या. माय पोतं टाकून पाय लांब करून भिंतीला टेकून बसली होती. डोळे मिटलेले.

"इथं काय येनार हाय?" तिनं डोळे न उघडता विचारलं.

मी म्हणालो, "संडास."

बायकोला जे हसू फुटलं ते आवरेना, ती विटांच्या ढिगावर बसली, डोळे पुसत पुसत म्हणाली, "आत्याबाई, तुमच्या पोरानं संडासाला उगवतीचं दार केलं!"

मी बाजू मांडायचा प्रयत्न केला. "तसं नाही. टेक्निकली मोठं दार नॉर्थ-नॉर्थ-ईस्टला आहे. त्यात ईस्ट आहेच की."

माय म्हणाली, "तुझं टेकनिकल तुझ्यापाशी ठिव. मला बसू दे घडीभर."

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती नुसती बसून राहिली, आणि ऊन वर चढलं तसं म्हणाली, "दुकानाचा ओटा तरी बराबर होता." मग उठायला हात पुढं केला. त्या दिवशी तिला उठवताना मला पहिल्यांदाच तिचं वजन जाणवलं. आणि माझं मात्र काहीच उरलं नव्हतं.

मिस्त्रीला विचारलं, "तुम्हाला दिसत नव्हतं का, तोंड उत्तरेला चाललंय ते?"

"दिसत होतं की."

"मग बोलला का नाहीत?"

तो ओशाळं हसला. "सर, आता खरं सांगू? मला वाटलं तुम्हाला उत्तरच पाह्यजे. कुबेराची दिशा हाय ना ती. तुम्ही तोंडानं न्हाई म्हणलात, पण सळईपुढं ते हातवारे केले, तवा मी समजून गेल्तो. वरून समदे न्हाई म्हणतात सर, आतून समदे पाहतात."

म्हणजे आज्यानं उचललेला देव्हारा, माझं व्याख्यान, सगळं पाण्यात. पंचक्रोशीत मी कुबेराचा गुप्त भक्त म्हणून रुजू झालो होतो.

सोमवारी शाळेत भूगोलाच्या सरांना सांगितलं. नको होतं सांगायला. त्यांनी डबा बाजूला ठेवला. "होकायंत्र कुठं धरलं होतं?"

"सळईवर उभा राहून."

"किती सळई?"

"सगळ्या घराची."

ते उठले, खिडकीपाशी गेले, तिकडं तोंड करून थोडा वेळ हलत राहिले. परत आले तेव्हा डोळे लाल होते. "लोखंडापाशी काटा लोखंडाचंच ऐकतो हो! पाचवीच्या पोराला कळतं. सर, तुम्ही त्या ढिगावरून अमेरिकेला निघाला असता तर शेजारच्या सेलूला पोचला असता."

आता प्रश्न उरला तो मायचा. पाडून पुन्हा बांधणं शक्य नव्हतं. मी रात्रंदिवस कागदावर चौकोन काढत होतो. तोडगा बायकोनं काढला, भाकरी थापता थापता: "घर फिरवता येत न्हाई ना? मंग आतलं फिरवू. संडास हाय तिथं आत्याबाईंची खोली करा, तिकडून दार फोडा, तिकडं ओटा घाला."

"आणि संडास?"

"जिथं जागा उरंल तिथं."

जागा उरली ती नेमकी दर्शनी बाजूला, मुख्य दाराच्या शेजारी. आज आमच्या घरी जो कोणी पहिल्यांदा येतो त्याला रस्त्यावरून दोन दारं दिसतात. एकाला सागवानी चौकट आणि एकाला पत्रा. निम्मे पाहुणे चुकीच्या दारावर टकटक करतात. आत कुणी असलं तर तेही दचकतं. एकदा भूगोलाचे सर मुद्दाम चुकीच्या दारापुढं उभे राहून म्हणाले, "सर, आहात का? की ईस्टला गेलात?" मी होतो. आतून बादली वाजवली.

बुद्धवंदना घेऊन आम्ही उन्हाळ्याच्या तोंडाला राहायला आलो. आणि काय सांगावं, ज्या सागवानी दारात हिवाळ्यात उन्हाचा ठिपका पडला नव्हता, त्याच दारात ऐन उन्हाळ्यात सकाळी सकाळी ऊन दत्त म्हणून हजर! मी धावत मायकडं गेलो. "बघ, आलं! मी म्हणत होतो ना ईस्ट आहे!"

माय वारा घालत होती. "आता कशाला आलं ते? भाजायला?"

तेव्हा मला पहिल्यांदा समजलं की सूर्य एका ठिकाणी उगवत नाही. थंडीत तो बाभळीच्या पार उजवीकडून वर येतो, उन्हाळ्यात सरकत सरकत डावीकडच्या विहिरीवर. माझ्या पुस्तकातला ईस्ट म्हणजे एक टोक, टाचणी टोचावी तेवढं. तिथं सूर्य वर्षातून दोनदा हजेरी लावतो आणि पुढं निघून जातो. उरलेलं सगळं वर्ष माझं वाक्य चालवून घेतलेलं आहे. मायची उगवती मात्र चांगली ऐसपैस, बाभळीच्या उजवीकडून थेट विहिरीपर्यंत; त्यात सूर्य कुठूनही वर आला तरी मावतो. वर्गात मी हे सांगायला गेलो तर एक मुलगी म्हणाली, "सर, मंग परीक्षेत काय लिहायचं?" मी म्हणालो, "इन द ईस्ट. परीक्षेत तसंच उगवतो."

मग नवीन घरातली पहिली थंडी आली. मायचे पाय आखडले. मी गोधडीत होतो, बायकोनं पांघरूण ओढलं आणि म्हणाली, "उठा. ज्यानं चुना मारला त्यानंच बाज उचलायची." मी मायची बाज नव्या दारातून तिच्या ओट्यावर काढली. तिला धरून आणलं. ऊन भिंतीच्या वरच्या विटांवर आलं होतं, हळूहळू खाली उतरत होतं. आम्ही दोघं त्याची वाट पाहत बसलो. आधी तिच्या कपाळावर आलं, मग हातांवर, मग गुडघ्यांवर. तिनं लुगडं जरासं वर सारून गुडघे उघडे टाकले आणि असा श्वास सोडला, जसा ओझं उतरवल्यावर माणूस सोडतो.

शेजारच्या शेतातली एक बाई डोक्यावर कडब्याची पेंढी घेऊन बांधावरून चालली होती. ती थांबली. रस्त्याकडचं मुख्य दार तिला माहीत होतं, हे कडेचं दार पाहून तिनं विचारलं, "काकू, हे दार इकडून काहून काढलं? समद्यांचं म्होरून असतंय."

बायको खिडकीतून कान देऊन होती. मी बाजेचा पाय नीट करायच्या निमित्तानं खाली वाकलो.

माय म्हणाली, "आमच्या पोरानं मुद्दाम काढलं. मायला ऊन पाह्यजे म्हणून. लई विचार करून बांधलंय घर. इंग्रजी शिकलेला हाय तो."

"अस्सं!" ती बाई म्हणाली. तिनं पेंढी सावरली, माझ्याकडं आदरानं पाहिलं. मी वर पाहायची हिंमत केली नाही. ती नजरेआड होईपर्यंत माय तिच्याकडं पाहत राहिली. मग मान न वळवता मला म्हणाली, "लई फुगू नको. सावली आली पायावर. बाज घे जराशी हिकडं."

मी घेतली.